फाइंड कमांड: फोल्डरांच्या जंगलात कोडचं पॅकेज नेमकं कुठे आहे, हे कसं शोधायचं?

१० डिसेंबर २०२१, शुक्रवार. मला नोकरीला लागून जेमतेम पाच महिने झाले होते. नागपूरच्या आयटी पार्क परिसरातल्या एका छोट्या कंपनीत मी सगळ्यात ज्युनियर. दुपारी टीम लीड खुर्ची सरकवत आले आणि म्हणाले, "लॉगफोरजे आपल्याकडे कुठे कुठे वापरलं आहे, त्याची यादी संध्याकाळपर्यंत पाहिजे."

प्रश्न एका ओळीचा, पण उत्तर कुणाकडेच नव्हतं. अकरा सर्व्हर, प्रत्येकावर हजारो फोल्डर, आणि त्यातलं कोणतं पॅकेज कुणी कधी टाकलं याची नोंद नाही. त्या दिवशी मी फाइंड ही कमांड पहिल्यांदा मन लावून वापरली. तिने मला वाचवलं, आणि माझ्या अर्धवट ज्ञानामुळे तिनेच तोंडघशीही पाडलं. ते पुढे सांगतो. आधी कमांड समजून घेऊ. तुमच्याकडे लॅपटॉप नसेल तरी चालेल, साध्या अँड्रॉइड मोबाईलवर हे सगळं करून पाहता येतं.

पॅकेज म्हणजे काय, आणि ते हरवतं कसं?

पॅकेज म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला, आपण आपल्या प्रोजेक्टमध्ये जसाच्या तसा वापरतो असा कोड. तारीख दाखवायची, फोटो लहान करायचा, लॉग लिहायचा, प्रत्येक कामासाठी तयार पॅकेज मिळतं. गंमत अशी की त्या पॅकेजला आणखी चार पॅकेज लागतात, त्या चारांना आणखी दहा. तुम्ही एक मागवता आणि फोल्डरमध्ये वऱ्हाड येऊन बसतं.

जावास्क्रिप्टमध्ये हे वऱ्हाड नोड_मॉड्यूल्स नावाच्या फोल्डरमध्ये उतरतं. एकाच प्रोजेक्टमध्ये एकाच पॅकेजच्या दोन वेगळ्या आवृत्त्या वेगवेगळ्या खोलीवर असू शकतात. म्हणून "हे पॅकेज माझ्याकडे आहे का?" एवढंच विचारून भागत नाही. "किती ठिकाणी आहे आणि प्रत्येक ठिकाणी कोणती आवृत्ती आहे?" हा खरा प्रश्न असतो.

फाइंड म्हणजे काय?

फाइंड ही युनिक्सची जुनी कमांड. १९७० च्या दशकात बेल लॅब्समध्ये डिक हाइट यांनी ती लिहिली. आज लिनक्स, मॅक आणि अँड्रॉइड, तिन्हीकडे तिचं कुठलं ना कुठलं रूप असतंच. विंडोजमध्येही फाइंड नावाची कमांड आहे, पण ती फाइलच्या आतला मजकूर शोधते. नाव सारखं, काम वेगळं. गोंधळ करू नका.

आपली फाइंड काम कसं करते? समजा तुम्हाला महालच्या गल्ल्यांत एका माणसाचं घर शोधायचं आहे आणि पत्ता नाही. फाइंड म्हणजे असा पोस्टमन, जो पहिल्या गल्लीत शिरतो, प्रत्येक दारावरची पाटी वाचतो, गल्लीतून बोळ निघाला तर त्या बोळातही जातो, आणि तो संपला की परत येऊन पुढचं दार बघतो. काही लक्षात ठेवत नाही, आधी बनवलेली यादी वापरत नाही. म्हणून ती थोडी हळू चालते, पण जे सांगते ते या क्षणाचं सांगते.

तिच्या वाक्याचे तीन भाग असतात: कुठून शोधायचं, काय अट आहे, आणि सापडल्यावर काय करायचं. तिसरा भाग दिला नाही तर ती सापडलेला पत्ता छापते, बस.

मोबाईलवर तयारी

अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं ॲप टाका. एफ-ड्रॉइडवर किंवा त्याच्या गिटहब पानावर ते मिळतं. उघडलं की काळी स्क्रीन आणि लुकलुकणारा कर्सर दिसेल. फाइंड त्यात आधीपासूनच असते.

या लेखात कमांड मी उच्चाराप्रमाणे मराठीत लिहिल्या आहेत. टाइप करताना सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत करायचं. स्पेलिंग असं:

- फाइंड: एफ-आय-एन-डी
- नेम: एन-ए-एम-ई
- टाइप: टी-वाय-पी-ई
- प्रून: पी-आर-यू-एन-ई
- प्रिंट: पी-आर-आय-एन-टी
- एक्झेक: ई-एक्स-ई-सी
- जेसन: जे-एस-ओ-एन

यातल्या फाइंड आणि जेसन सोडून बाकी शब्दांच्या आधी हायफन येतो, आणि हायफन व शब्द यांच्यामध्ये जागा सोडायची नाही.

पॅकेज ओळखायची खूण

फाइंडला "पॅकेज" ही गोष्ट कळत नाही. तिला फक्त फाइल आणि फोल्डर कळतात. म्हणून आधी आपल्याला माहीत हवं की कोणत्या भाषेचं पॅकेज कोणत्या फाइलवरून ओळखायचं:

- जावास्क्रिप्ट, नोड: पॅकेज.जेसन
- पायथन: पायप्रोजेक्ट.टॉमल, पिपने टाकलेलं असेल तर नावाच्या शेवटी.डिस्ट-इन्फो असलेलं फोल्डर
- जावा: पॉम.एक्सएमएल, किंवा तयार .जार फाइल
- गो: गो.मॉड
- रस्ट: कार्गो.टॉमल (इथे पहिलं अक्षर मोठं असतं)
- फ्लटर: पबस्पेक.यॅमल
- आरओएस, म्हणजे रोबोटचं सॉफ्टवेअर: पॅकेज.एक्सएमएल

ही यादी वहीत लिहून ठेवा. शोध निम्मा इथेच संपतो.

रोजच्या कामाच्या कमांड

१) इथून खाली सगळे नोड प्रोजेक्ट शोधा:

फाइंड . -टाइप एफ -नेम "पॅकेज.जेसन"

टिंब म्हणजे "मी आत्ता ज्या फोल्डरमध्ये आहे ते". टाइप एफ म्हणजे फक्त फाइल, टाइप डी म्हणजे फक्त फोल्डर. ही कमांड चालवली की शेकडो ओळी धो धो येतील, कारण नोड_मॉड्यूल्समधल्या प्रत्येक पॅकेजची स्वतःची पॅकेज.जेसन असते.

२) फक्त आपले प्रोजेक्ट हवेत, वऱ्हाड नको:

फाइंड . -नेम "नोड_मॉड्यूल्स" -प्रून -ओ -नेम "पॅकेज.जेसन" -प्रिंट

प्रून म्हणजे छाटणी. "या नावाचं फोल्डर दिसलं की त्याच्या आत जाऊच नको." मधला ओ म्हणजे "किंवा". शेवटचं प्रिंट विसरलात तर छाटलेली फोल्डरंही यादीत येतात.

३) लहानमोठ्या अक्षरांचा भरवसा नसेल तर नेमऐवजी आयनेम वापरा.

४) नावाचा थोडाच भाग माहीत असेल तर तारांकन वापरा:

फाइंड . -नेम "लॉग४जे-कोअर*.जार"

अवतरणचिन्हं काढू नका. ती नसतील तर तारांकन फाइंडपर्यंत पोचायच्या आधीच शेल त्याचा अर्थ लावून मोकळं होतं, आणि उत्तर चुकतं. नवीन माणसाची ही सगळ्यात कॉमन चूक.

५) प्रत्येक नोड_मॉड्यूल्सने किती जागा खाल्ली ते बघा:

फाइंड . -टाइप डी -नेम "नोड_मॉड्यूल्स" -प्रून -एक्झेक डीयू -एसएच {} +

एक्झेक म्हणजे "जे सापडेल त्यावर ही दुसरी कमांड चालव". महिरपी कंसाच्या जागी सापडलेले पत्ते आपोआप बसतात.

टर्मक्समधला एक खास सापळा

टर्मक्समध्ये मोबाईलचं स्टोरेज जोडलं की घरच्या फोल्डरमध्ये स्टोरेज नावाचं फोल्डर तयार होतं. त्यातलं शेअर्ड, डाउनलोड्स वगैरे खरी फोल्डरं नसतात, ते सिमलिंक असतात, म्हणजे दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या पाट्या. फाइंड स्वतःहून सिमलिंकच्या मागे जात नाही. त्यामुळे तिथे शोधलं की काहीच सापडत नाही आणि वाटतं की फाइल गेली.

उपाय सोपा आहे. फाइंडच्या लगेच पुढे, पत्त्याच्या आधी, हायफन आणि मोठं एल लिहा. मग ती पाटीच्या मागे जाते. किंवा शेअर्ड या नावानंतर शेवटी तिरकी रेघ द्या. तसंच अँड्रॉइड ११ पासून इतर ॲपचं डेटा फोल्डर टर्मक्सला बघायला मिळत नाही. तिथे "परवानगी नाही" असा संदेश येईल. तो तुमचा दोष नाही.

लॉगफोरजे: त्या शुक्रवारी काय झालं

लॉगफोरजे हे जावाचं लॉग लिहायचं पॅकेज. डिसेंबर २०२१ मध्ये कळलं की त्याच्या दुसऱ्या पिढीच्या २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्यांत मोठं भगदाड आहे. बाहेरच्या माणसाने एक ठराविक मजकूर पाठवायचा, सर्व्हरने तो नेहमीप्रमाणे लॉगमध्ये लिहायला घ्यायचा, आणि तेवढ्यावर सर्व्हर बाहेरून कोड आणून स्वतःच चालवायचा. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत तर चॅटमध्ये असा मजकूर टाकला तरी पुरे होतं. धोक्याचं मोजमाप १० पैकी १०. लॉगफोरशेल या नावाने हे प्रकरण ओळखलं जातं. दुरुस्ती २.१५.० मध्ये आली, पण ती अपुरी निघाली, आणि त्याच महिन्यात २.१७.१ पर्यंत एकामागून एक आवृत्त्या काढाव्या लागल्या.

मी वरची चौथी कमांड प्रत्येक सर्व्हरवर चालवली. "परवानगी नाही" अशा ओळींनी स्क्रीन भरत होती, म्हणून कमांडच्या शेवटी २>/डेव्ह/नल लिहून सगळे एरर संदेश कचऱ्यात टाकले. यादी कशी छान, स्वच्छ आली. तीन सर्व्हर. संध्याकाळी सहाला मेल केला आणि शाबासकीही मिळाली.

सोमवारी एका सिनियर ताईंनी विचारलं, "उरलेल्या आठांवर नाही, हे तू कशावरून म्हणतोस?" आम्ही परत बसलो, आणि आणखी दोन सर्व्हर निघाले.

पहिल्यावर जार फाइलच्या आत जार फाइल होती. ॲप्लिकेशन एकाच मोठ्या जारमध्ये बांधलं होतं आणि लॉगफोरजे त्याच्या पोटात. फाइंड दारावरची पाटी वाचते, घरातलं कपाट उघडत नाही. दुसऱ्यावर ते फोल्डर वाचायची मला परवानगीच नव्हती. फाइंडने ते प्रामाणिकपणे सांगितलंही होतं, पण तो संदेश मीच कचऱ्यात टाकला होता.

म्हणजे शनिवार-रविवार दोन सर्व्हर उघडे राहिले, माझ्या यादीवर भरवसा ठेवून. नशिबाने नंतर लॉग तपासले तेव्हा घुसखोरीची खूण दिसली नाही. पण "सापडलं नाही" आणि "नाही" यांत फरक आहे, हे मी त्या सोमवारी शिकलो.

बरोबर पद्धत अशी होती. जार म्हणजे खरं तर झिप फाइल. झिपमध्ये आतल्या फाइलींचा मजकूर दाबलेला असतो, पण त्यांची नावं तशीच असतात. म्हणून ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडला सोबत घ्यायचं:

फाइंड / -टाइप एफ -नेम "*.जार" -एक्झेक ग्रेप -एल -ई "लॉग४जे-कोअर" -ई "जेएनडीआयलुकअप" {} +

ज्या जारच्या पोटात ही दोनपैकी एक नावं असतील त्याचा पत्ता छापला जातो. जेएनडीआयलुकअप हा त्या पॅकेजमधला गोंधळ घालणारा भाग. त्यातली जे आणि एल ही दोन अक्षरं मोठी, बाकी छोटी. जावाचं ॲप्लिकेशन .वॉर आणि .इअर फाइलमध्येही असतं, तेव्हा त्या नावांनीही शोधायचं. आणि एरर संदेश फेकायचे नाहीत, वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचे: शेवटी २>चुका.टीएक्सटी. त्या फाइलमधली प्रत्येक ओळ म्हणजे न तपासलेली जागा.

डिलीट करताना: इथे थांबा आणि वाचा

मागच्या वर्षी माझा मावसभाऊ म्हणाला, "दादा, मोबाईल फुल झाला, काहीच होऊन नाही राहिलं." बीसीएला आहे, लॅपटॉप नाही, सगळं टर्मक्सवर शिकतो. जागेसाठी त्याने आजीचे जुने व्हिडिओ उडवायला घेतले होते. आम्ही पाचवी कमांड चालवली. ट्युटोरियल बघून बनवलेले चौदा छोटे प्रोजेक्ट, प्रत्येकात वेगळं नोड_मॉड्यूल्स, मिळून चार जीबीच्या आसपास. आजीचे व्हिडिओ त्याच्या पावही नव्हते.

नोड_मॉड्यूल्स उडवलं तरी चालतं, कारण पॅकेज.जेसन आणि पॅकेज-लॉक.जेसन शाबूत असल्या की एनपीएम इन्स्टॉल करून सगळं परत आणता येतं. फक्त त्या फोल्डरच्या आत तुम्ही हाताने बदल केले असतील तर ते गेले.

त्याने उत्साहात टाइप केलं: फाइंड . -डिलीट -नेम ... आणि मी त्याचा हात धरला. फाइंड अटी डावीकडून उजवीकडे वाचते. डिलीट आधी लिहिलं तर ती नाव तपासायच्या आधीच पुसत सुटते, म्हणजे त्या फोल्डरमधलं सगळं जातं. त्याच फोल्डरमध्ये त्याचा सेमिस्टरचा प्रोजेक्ट होता, आणि त्याची कॉपी कुठेच नव्हती. कमांड लाइनवर रीसायकल बिन नसतो.

म्हणून हा क्रम पाळा:

१. आधी फक्त शोधा. काही पुसू नका. यादी डोळ्यांनी वाचा.
२. महत्त्वाच्या प्रोजेक्टची कॉपी गिटहबवर किंवा पेन ड्राइव्हवर आहे ना, बघा.
३. मग तीच कमांड परत आणा आणि फक्त शेवटी कृती जोडा: -एक्झेक आरएम -आरएफ {} +
४. सुरुवातीचा पत्ता कधीही नुसती तिरकी रेघ ठेवू नका. त्याचा अर्थ "संपूर्ण सिस्टिम".

फाइंडचे भाऊबंद

लोकेट: ही आधी बनवलेल्या यादीत शोधते, म्हणून चुटकीसरशी उत्तर देते. पण यादी सहसा दिवसातून एकदा बनते. सकाळी टाकलेलं पॅकेज तिला माहीत नसतं, आणि काल पुसलेलं ती आजही दाखवू शकते.

एफडी: रस्ट भाषेत लिहिलेली नवी, वेगवान कमांड. लिहायला सोपी. पण गिटइग्नोअरमध्ये नोंदवलेली आणि लपवलेली फोल्डरं ती मुद्दाम सोडून देते, आणि नोड_मॉड्यूल्स नेमकं गिटइग्नोअरमध्येच असतं. पॅकेज शोधताना तिला मोठा आय हा पर्याय द्यावा लागतो.

एनपीएम एलएस, पिप शो: एकाच प्रोजेक्टपुरतं विचारायचं असेल तर हे बरे. एनपीएम एलएस तर हे पॅकेज कुणी आणलं तेही झाडासारखं दाखवतं.

आरओएसपॅक: रोबोटिक्सवाल्यांसाठी. व्हीएनआयटीसारख्या कॉलेजात रोबोटवर काम करणारी तुमची मित्रमंडळी असतील तर त्यांना आरओएस माहीत असेल. त्याच्या पहिल्या पिढीत आरओएसपॅक फाइंड लिहून पॅकेजचं नाव दिलं की पूर्ण पत्ता मिळतो. ठरवून दिलेल्या फोल्डरांत ते खाली उतरत जातं, पॅकेज.एक्सएमएल दिसली की "हे पॅकेज" म्हणून नोंदवतं आणि त्याच्या आत आणखी शोधत नाही.

नेहमी पडणारे प्रश्न

*फाइंडमुळे मोबाईल खराब होतो का?* नाही. नुसतं शोधताना ती फक्त वाचते. धोका डिलीट आणि एक्झेकमध्ये आहे.

*खूप वेळ लागतोय, काय करू?* सुरुवातीचा पत्ता जवळचा द्या, किंवा पत्त्याच्या लगेच पुढे -मॅक्सडेप्थ ३ लिहा, म्हणजे ती तीन पायऱ्यांपेक्षा खोल जाणार नाही. मधेच थांबवायचं तर कंट्रोल आणि सी दाबा.

*फाइंडला पॅकेज सापडलं, म्हणजे माझा प्रोग्राम तेच वापरतो का?* असंच नाही. फाइंड वरून खाली जाते. नोड मात्र पॅकेज शोधताना खालून वर जातं: आधी आपल्याच फोल्डरमधलं नोड_मॉड्यूल्स, तिथे नसेल तर वरच्या फोल्डरमधलं, मग त्याच्याही वरचं. जे पहिलं भेटेल ते घेतं. त्यामुळे दोन आवृत्त्या दिसल्या तर दोन्ही तपासा.

आज माझ्या टेबलावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. त्यावर तीन प्रश्न आहेत: कुठे शोधलं? कुठे शोधता आलं नाही? पोटात बघितलं का? यादी पाठवायच्या आधी मी ते तिन्ही वाचतो. तुम्ही आज टर्मक्स उघडून पहिली कमांड चालवा, आणि जी यादी येईल ती सावकाश वाचा. आपल्याच मोबाईलमध्ये किती पाहुणे राहतात ते कळेल.